माझे फडके यंत्राला दिले

२०२४ साल होते. त्या वर्षी फेब्रुवारीत विरारजवळच्या आमच्या आगाशीच्या सुकेळ्यांची सरकारी तपासणी झाली, आणि तेव्हा जे बिघडले ते माझ्यामुळे. मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. मनात हेवा धरून बसले की काय होते, ते तुम्हांला सांगते.

आगाशीच्या बाजारात कृष्णामामा टोपल्या विणत. त्या तपासणीच्या छत्तीस वर्षे आधी त्यांनी मला विणले. एकेक कामटी तासून, हाताने चोळून पाहिली. ज्युलीबाय तेव्हा नवी सून होती. तिने माझ्या पोटात हात घालून सगळीकडे फिरवला आणि म्हणाली, "कुठे लागत नाही." कृष्णामामा म्हणाले, "लागेल कशी? सांभाळशील तोवर लागणार नाही."

ज्युलीबायच्या घरी सुकेळी करत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि मांडवावर उन्हात वाळत घालायची. ऊन उतरले की ती माझ्याकडे येत. तळाशी केळीची वाळकी पाने, पानांवर फडके, फडक्यात केळी, वरून पुन्हा पाने. ते फडके ज्युलीबायच्या सासूच्या लुगड्याचे होते. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला होता आणि ते सायीसारखे मऊ झाले होते. सकाळपर्यंत केळ्यांतला रस बाहेर येई आणि सगळीकडे सारखा मुरे. ज्युलीबाय याला घाम काढणे म्हणते. सकाळी पुन्हा ऊन, संध्याकाळी पुन्हा मी. असे सात दिवस झाले की सुकेळे मधाच्या रंगाचे आणि आतून मऊ होई. नाताळला मुंबईहून पाहुणे येत, बोटे चाटत आणि विचारत, "यात घालता काय?" ज्युलीबाय माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "तिला विचारा."

ते दिवस आठवले की अजून माझा ऊर भरून येतो. हंगाम संपला की ती मला गरम पाण्याने धुवायची, उन्हात ठेवायची आणि चुलीवर धुरात टांगायची, म्हणजे मला भुंगा लागत नसे. दोनदा तिने माझा तळ नव्याने विणून घेतला.

मग तिच्या घरी प्रिस्का सून म्हणून आली. ती अंधेरीला ऑफिसात कामाला होती. तिनेच कुठून तरी माहिती काढली की छोट्या धंदेवाल्यांनी एकत्र येऊन गट केला, तर सर्वांना मिळून वापरायला शेड आणि यंत्र घेण्यासाठी सरकार अनुदान देते. अशा गटाला ती क्लस्टर म्हणायची. दोन वर्षे ती कागद घेऊन पालघरला जात-येत होती. शेवटी नोकरी सोडली.

तेव्हा आजूबाजूच्या वाड्या एकेक करून विकल्या जात होत्या. सुकेळी करणारी अकरा घरे उरली होती, आणि त्यांनाही विचारणा होत होतीच. प्रिस्काने अकराही घरांना ओसरीवर बोलावले.

"एक हंगाम थांबा," ती म्हणाली. "वाड्या विकू नका, राजेळीची झाडं तोडू नका. तपासणी होऊन मानांकन मिळालं की अनुदानाचा दुसरा हप्ता येईल, पॅकिंगची खोली होईल, आपला माल आपल्या नावाने दुकानात जाईल."

"आणि नाही मिळालं तर?" शेजारच्या जॅक्सनने विचारले.

"तर मी कोणाला अडवणार नाही."

अकरा घरांनी शब्द दिला. तो एका हंगामापुरता होता.

पहिल्या हप्त्यात केळी वाळवायचे यंत्र आले. मित्रांनो, त्या दिवशीचा माझा जळफळाट काय सांगू? त्याच्यासाठी नवी शेड बांधली होती. फादर येऊन त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून गेले. कोणी नारळ फोडला, कोणी झेंडूची माळ घातली. ते काचेच्या घरासारखे होते, आत स्टीलचे ट्रे आणि गरगर फिरणारे पंखे. सगळ्यांनी त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढले. मी पस्तीस वर्षे राबले, पण माझ्यासोबत कोणी फोटो काढला नव्हता.

माझी रवानगी शेडच्या मागच्या भिंतीवरच्या खिळ्यावर झाली. तिथून खिडकीतून ते मला दिवसभर दिसे. ज्युलीबाय रोज संध्याकाळी त्याची काच पुसायची. एक दिवस मी पाहिले, तिच्या हातात माझे फडके होते. माझ्या पोटातले मऊ फडके तिने त्याला दिले होते, आणि यंत्र काळ्या तेलाचे डाग पाडून ते घाण करत होते. त्या दिवसापासून मी एकच मागणे मागत राहिले. हे यंत्र फसू दे, आणि ही माणसे माझ्याकडे परत येऊ देत.

मी इतकी त्याच्याकडे बघत बसले, की माझे काय होत आहे हे मला कळलेच नाही. मला कोणी धुतले नव्हते, धूर दिला नव्हता. माझ्या कामट्या सुकून फुटू लागल्या होत्या.

माझे मागणे मात्र फळले. यंत्र तीन दिवसांत केळी वाळवत होते, पण वरून चामड्यासारखी आणि आतून कच्ची. जॅक्सन यंत्र चालवायला शिकला होता. त्याने एक सुकेळे दाताने ओढून पाहिले.

"ज्युलीबाय, हे खायचं की चपलेला ठोकायचं?"

"घाम कुठे काढलाय त्याचा?" ज्युलीबाय म्हणाली. "टोपलीत ठेवायला पाहिजे."

"आय, बांबू चालणार नाही," प्रिस्का म्हणाली. "प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलंय. शेडमध्ये फक्त स्टील."

"मग त्या स्टीललाच सांग मऊ व्हायला."

तपासणी दोन दिवसांवर होती. प्रिस्का कागद लावायला घरात गेली तशी ज्युलीबाय मागे आली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, मला वाटले मी जिंकले.

"प्रिस्काला कळलं तर मला बोलेल," जॅक्सन म्हणाला.

"तू यंत्र बघ. टोपली माझी आहे."

तिने फडके हातात घेऊन पाहिले. ते तेलकट झाले होते, म्हणून बाजूला टाकले. तिने पाने तेवढी घातली आणि त्यावर केळी रचली. घाई होती. छत्तीस वर्षांपूर्वी फिरवला होता तसा हात तिने माझ्या पोटात फिरवला नाही. फिरवला असता, तर तिला लागले असते.

दोन संध्याकाळी केळी माझ्यात मुरली आणि पूर्वीसारखी मधाच्या रंगाची झाली. मी खिडकीतून यंत्राकडे पाहिले आणि मनात म्हटले, बघ.

तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी शेड पाहिली, हात धुण्याची जागा पाहिली, कागद पाहिले. मग ताटातले एक सुकेळे खाल्ले आणि डोळे मिटले. "माझी आत्या विरारला होती," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी असं मिळायचं."

प्रिस्काच्या चेहऱ्यावर हसू आले. बाईंनी नोंदीसाठी दुसरे सुकेळे मोडले. मोडता मोडता त्या थांबल्या. बोटाच्या टोकावर केसाएवढे एक टोकदार कुसळ होते.

"हे काय आहे?"

प्रिस्का जॅक्सनकडे बघू लागली. जॅक्सन जमिनीकडे बघत होता. ते कुसळ माझे होते.

ज्युलीबाय पुढे झाली. "माझ्या टोपलीचं आहे. सुनेला माहीत नव्हतं. तिने नको म्हटलं होतं."

बाईंनी पेन काढले. "आजी, हे लहान मुलाच्या घशात गेलं असतं तर? मी आज सही करू शकत नाही. तीन महिन्यांनी परत येईन. पण चव हीच ठेवा. कशी ठेवायची ते तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी दोन घरांनी शब्द परत घेतला. मला वाटले, आता मला चुलीत घालतील. मी काही बोलले नसते.

प्रिस्का मागे आली ती टेप घेऊन. तिने माझी उंची मोजली, तोंड मोजले, दोन कामट्यांमधली फट मोजली. ज्युलीबाय दारात उभी होती.

"आय, तळाला पानं किती?"

"चार. उभी-आडवी." मग ती म्हणाली, "मला राग आला होता गं. यंत्र आलं आणि मला कोणी विचारेना."

"मी तुला विचारायला पाहिजे होतं," प्रिस्का म्हणाली, आणि चार हा आकडा लिहून घेतला.

तेव्हा मला कळले की खिडकीतून मी एकटीच बघत नव्हते.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात माझ्या मापाच्या, बारीक भोकांच्या स्टीलच्या टोपल्या तयार झाल्या. दिवसा यंत्र आणि संध्याकाळी त्या टोपल्या, आत उकळून वाळवलेली पाने. मे महिन्यात त्याच बाई परत आल्या, तीन सुकेळी मोडून पाहिली आणि सही केली.

पुढे काय झाले तेही सांगते. ज्या दोन घरांनी शब्द परत घेतला, त्यांतले एक परत आले. दुसऱ्याची वाडी गेली, तिथे आता इमारतीचे खांब उभे आहेत. जॅक्सन इतर गावांच्या लोकांना यंत्र चालवायला शिकवतो, आणि चपलेचा विनोद दर वेळी सांगतो. त्या बाईंची बदली झाली. नाताळला त्यांच्याकडून मागणी येते. प्रिस्का पॅकिंगच्या खोलीत बसते. कृष्णामामा गेले, पण जाण्यापूर्वी ज्युलीबायने मला त्यांच्याकडे नेले होते. त्यांनी माझ्या फुटलेल्या कामट्या काढून नव्या घातल्या.

ज्युलीबाय रोज शेडमध्ये जाते. टोपल्या भरण्यापूर्वी प्रत्येकीत हात फिरवते. तशी पाटीच प्रिस्काने भिंतीवर लावली आहे: आधी हात फिरवा.

मित्रांनो, मी आता स्वयंपाकघरात असते. माझ्यात घरच्यासाठी पाव ठेवतात. तुमच्या घरी जुनी टोपली असेल तर तिला नुसती टांगून ठेवू नका. वर्षातून एकदा धुवा, ऊन दाखवा. आणि कामाला लावण्यापूर्वी आत हात घालून बघा, तिला कुठे काही झाले आहे का. जुन्या माणसांचेही तसेच असते.

माझे फडके मला परत मिळाले. ज्युलीबायने ते तीनदा उकळले, तरी त्याला यंत्राचा थोडा वास येतो. सुरुवातीला मला तो सहन होत नसे. आता पावावर ते पांघरले की मी तो वास घेते, आणि आज पंखे नीट फिरले का, याचा विचार करते.