वेढ्यातल्या अकरा खेळ्या

“घाई नको करूस. खेळी तुझी आहे, ती कुणी पळवून नेत नाही,” दादा म्हणाला होता. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा त्याचा आवाज असा होता, की लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून बोलला तरी चौथ्या मजल्यावर शब्द न् शब्द पोचायचा. कुठल्याशा ऑफिसातली लिफ्ट दुरुस्त करताना तिथला मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्याने खांद्यावर टाकून घरी आणला, आणि त्याच्या पोटात हा खेळ निघाला. जुनी साम्राज्यं, नद्या, तटबंद्या, हत्ती. एकाने आपलं सैन्य हलवायचं, कोठारं भरायची आणि खेळी संपवायची. मग दुसऱ्याने.

खुर्ची एक आणि राज्यं दोन. एकाचे बेत दुसऱ्याला दिसू नयेत, म्हणून ज्याची खेळी नसेल त्याने गॅलरीत जाऊन उभं राहायचं, हा घरचा कायदा. ना त्याने संसार मांडला, ना त्याच्या या धाकट्या बहिणीने. दोघांच्या कितीतरी संध्याकाळी अशाच गेल्या, एक खुर्चीत, एक गॅलरीत. “झालं” अशी हाक आली की अदलाबदल.

आता गॅलरी लांब पडली होती. कॉम्प्युटर त्याच्या खाटेशी आणून ठेवला होता, आणि तिची खेळी आली की तो भिंतीकडे तोंड करायचा.

“वळलो गं,” तो म्हणाला. कुशीवर होण्याएवढ्या कामाला त्याला दोनदा थांबावं लागलं.

सकाळची ड्यूटी करून ती नुकतीच आली होती. इस्पितळात एक्स-रे काढण्याचं तिचं काम. तीस वर्षं ती लोकांना श्वास रोखून धरायला सांगत आली होती. फोटो निघाला, की माणूस सदऱ्याची बटणं लावता लावता विचारी, “ताई, काय दिसलं?” त्यावर तिचं एकच उत्तर असे, “डॉक्टर सांगतील.” फोटो काढणाऱ्याने बोलायचं नाही, हा तिथला नियम. तो जिभेवर इतका चढला होता, की भाजीवाल्याने पाऊस येईल का म्हणून विचारलं तरी ती तेच बोलून जाई, आणि भाजीवाला पोट धरून हसे.

दादाचा खोकला हटेना, तेव्हा त्याचा फोटो तिनेच काढला. त्यानेही बटणं लावत विचारलं होतं, आणि तिनेही तेच उत्तर दिलं होतं. पण डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. “तुम्ही तर घरच्याच. तुम्हीच सांगा त्यांना.” दादाला वाटत राहिलं, डॉक्टर बोलतील. डॉक्टरांना वाटत राहिलं, ही बोलली असेल. मधल्या मधे ती, छातीत पाणी झालंय आणि गोळ्यांनी ओसरेल एवढं सांगून मोकळी झाली होती.

मोकळी कसली.

फोटोच्या आठवडाभर आधी तिने त्याच्या शेवटच्या शहराला वेढा घातला होता. बावीस वर्षांत प्रथमच ती जिंकायच्या बेतात होती. पूर्वेच्या वेशीला हत्ती, नदीच्या अंगाला तिरंदाज, रसदेची वाट तोडलेली. आणि मग तो फोटो आला. तेव्हापासून तिला हल्ल्याचा हुकूमच देववेना. दर खेळीला ती कुठल्यातरी लांबच्या गावात कालवा खणी, एखादी होडी बांधी, आणि हत्ती होते तिथेच उभे ठेवी. तट उभा आहे ना, मग असू दे, एवढंच तिच्या मनात असे.

आजही तिने एक कालवा खणला. “झालं.”

“आज काय खणलंस, सेनापतीणबाई?” तो परत वळत म्हणाला.

“तुला काय करायचंय? आपलं राज्य सांभाळ.”

“तेच तर सांभाळतोय.”

ती गॅलरीत गेली. समोरच्या इमारतीत कुणी गाद्या कठड्यावर टाकून काठीने झोडत होतं. धूळ उडायची, रेंगाळायची, पुन्हा गादीवरच बसायची. आतून माउसची एकच टकटक आली, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

“ये आत,” त्याची हाक आली.

“झालं?”

“नाही झालं. तरी ये. माझ्या बाजूने बघ एकदा.”

“काहीतरीच. कायदा आहे ना आपला?”

“कायदा मीच केला होता ना? ये गं.”

बावीस वर्षांत तिने त्याचं शहर आतून कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून तट धडधाकट दिसायचा. आत कोठार रिकामं होतं. घरांच्या ओळीच्या ओळी काळ्या पडलेल्या. एका कोपऱ्यात दोन चुली तेवढ्या पेटत्या.

“धान्य संपून सहा खेळ्या झाल्या,” तो म्हणाला. “दर खेळीला एक आळी विझते. तुझे हत्ती अकरा खेळ्या नुसते उभे आहेत. धडक मारत नाहीस, वेढा उठवत नाहीस. तुला वाटतं, तू माझी गय करतेयस.”

“मला माझ्या बाजूने दिसत नव्हतं रे.”

“इकडचं नव्हतं दिसत.” त्याने उशीवर डोकं टेकलं. बोलणं त्याला महागात पडत होतं. “चांगला खेळणारा असं सैन्य उभं ठेवत नाही. पुढे जातो, नाहीतर मागे फिरतो. आणि तू आता चांगली खेळतेस. म्हणून मी विचार करत बसलो, की ही थांबलीय कशाला.”

त्याच्या पांघरुणाचं टोक खाली लोंबत होतं, ते तिने उचलून गादीखाली खोचलं. पुन्हा काढलं, पुन्हा खोचलं.

“मी डॉक्टरांना विचारू का?” तो हळू म्हणाला. “की तू सांगतेस?”

तिच्या ओठांवर ते तीस वर्षांचं वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं आणि ती खाटेच्या कडेवर बसली.

“मीच सांगते. गोळ्यांनी ओसरेल असं मी म्हणाले, ते खोटं होतं. औषध नाहीये त्याला, दादा. फोटो काढला त्याच दिवशी मला दिसलं होतं.”