ताईंचं ‘हो’

ताईंनी त्या सकाळी डॉक्टरांना ‘हो’ म्हटलं, त्यात त्यांचा फायदा काय होता? तसं पाहिलं तर चिमूटभर. एक अवघड प्रश्न चटकन मिटणार होता. समोरच्या खाटेवरचा म्हातारा कान टवकारून बसला होता, त्याची निराशा होणार होती. आणि दुपारी घरी जाऊन चार जणांत सांगता येणार होतं, “मी बसले, तेव्हा सुटली बघा एकदाची!” बस, एवढंच. एवढ्यासाठी माणसं काय काय पणाला लावतात, आणि तेही दुसऱ्याचं!

प्रश्न होता, “गॅस पास झाला का?”

खाटेवर होती काचवाल्याची बायको. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडं चिकटून अडलं होतं. पोटाचा नगारा झालेला, नाकात नळी, नळीतून हिरवट पाणी पिशवीत उतरतंय आणि तोंडाला थेंब नाही. मोठ्या डॉक्टरांनी काचवाल्याला नीट समजावलं होतं, “थोडं थांबून बघू. आतडं आपणहून सुटलं तर वारा सरेल. तोवर पाणीसुद्धा द्यायचं नाही. नाहीच सुटलं, तर पोट उघडावं लागेल.”

तेव्हापासून काचवाला खाटेला चिकटला होता. बोटांना काचेचे ओरखडे, त्यांवर पट्ट्या, आणि तोंडात एकच प्रश्न.

“काय गं, पादलीस का?”

“अहो, हळू!” नळीमुळे तिचा आवाज नाकातून यायचा. “लोकं ऐकतायत.”

“ऐकू देत. लग्न झाल्यापासून मी ऐकतोय, कधी तक्रार केली? आता सगळे कान लावून बसलोय, तर बाईसाहेब गप्प!”

“हसवू नका हो. दुखतं.”

हे ताईंना खपत नव्हतं. ताई म्हणजे काचवाल्याची थोरली बहीण. गोतावळ्यात कुणी आजारी पडलं, की ताई हजर. उशी सारखी करणार, येणाऱ्याजाणाऱ्याशी हळू आवाजात बोलणार, डोळ्यांना रुमाल लावणार. पिशवी रिकामी करायची वेळ आली, की मात्र ताईंना नेमका फोन यायचा. पण नाव झालं होतं. ‘करावं तर ताईंनीच’ असं सगळे म्हणत, आणि ताईंचाही त्याला विरोध नव्हता.

त्या सकाळी एका दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. काचवाल्याला जाणं भाग होतं.

“ताई, डॉक्टर विचारतील. झालं नसेल तर सरळ नाही म्हणून सांग.”

“अरे, मला काय कळत नाही? जा तू.”

राउंडला धाकटे डॉक्टर आले, घाईत. प्रश्न खाटेच्या दिशेने टाकला आणि बघितलं मात्र उभ्या असलेल्या ताईंकडे. झोपलेल्या माणसापेक्षा उभं माणूस लवकर उत्तर देतं, हा त्यांचा अनुभव असावा. समोरचा म्हातारा, त्याचा जावई, वॉर्डबॉय, सगळे पुरुष. ताईंचे कान लाल झाले.

“हो हो. झालं मघाशी,” ताई म्हणाल्या. “पुढचं बोला.”

बायकोने ऐकलं. वन्संचा शब्द तिने आजवर कधी खोडला नव्हता. त्यातून घसा असा कोरडा पडला होता, की आता पाणी मिळणार म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायला जीभच उचलेना. डॉक्टरांनी पोट दाबल्यासारखं केलं, नळी बंद केली, घोटघोट पाणी लिहून दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. घोट किती मोठा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ताईंचा हात सढळ.

काचवाला परतला तेव्हा बायको भांड्यात तोंड घालून ओकत होती. पोट फळीसारखं कडक झालं होतं. मोठे डॉक्टर धावत आले आणि तिला ऑपरेशनला आत घेऊन गेले. व्हरांड्यात भाऊ-बहीण उरले.

“ताई, झालं होतं का?”

“होणारच होतं रे आज ना उद्या.”

“झालं होतं का, ते सांग.”

“परक्या पुरुषांत काय वाट्टेल ते विचारतात मेले! आपल्या घरात कधी असलं बोलणं झालंय? मी बाईमाणूस, काय सांगणार?”

“‘नाही’ सांगायचं! त्याला कसली लाज?” त्याचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. “आणि ते डॉक्टर! पोट तिचं, विचारलं तुला! ती मेली ना, तर सभ्यपणे मेली म्हणून पाटी लावशील!”

“माझ्यावर ओरडतोस? सकाळपासून मी उपाशी आहे!”



बायको वाचली. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढून टाकला. आता पोटात नळी, आणि नळीतून पातळ, कोमट अन्न. तोंडाने दोन चमचे घेतले की तिसऱ्याला ती मान फिरवते, कधी भीतीने, कधी उलटी येते म्हणून. काचवाला स्वतः दुकानातच जेवून येतो, चूळ भरून, घरात वास यायला नको म्हणून.

परवा मंडळी भेटायला आली. ताई मधोमध बसून सांगत होत्या, “हॉस्पिटलात मी होते म्हणून बरं.” तेवढ्यात अन्नाची वेळ झाली. काचवाला मोठी सिरिंज घेऊन आला.

“अरे, तिला आत ने,” ताई कुजबुजल्या. “चारचौघांत काय ते!”

बायको इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती सावरून बसली.

“इथेच द्या हो,” ती म्हणाली. “वन्सं, जरा सरका. ह्यांना उजेड लागतो.”

ताई सरकल्या. तिने सगळ्यांदेखत कपडा वर केला, नळीचं टोपण स्वतः काढलं, आणि काचवाला सावकाश अन्न सोडू लागला. पाहुणे आपापल्या चपलांकडे बघत बसले.

तर हिशेबाची बाकी अशी निघाली. ताईंची सभ्यता शाबूत राहिली, वर सेवेचं नावही झालं. धाकट्या डॉक्टरांचा राउंड वेळेत आटोपला. एका ‘हो’ची किंमत भरली ती जिला कुणी विचारलंच नव्हतं तिने, हातभर आतडं देऊन. आणि अजून भरतेच आहे, चमच्याचमच्याने.