आमची नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. दुकानात मिळतात तसली नव्हे. मी आधी मासे धरायचं जाळं होते. शिरोड्याच्या समुद्रात मी पुष्कळ वर्षं बांगडे धरले. पुढे खडकांना अडकून माझ्या चिंध्या झाल्या, तेव्हा दाजींनी माझा धड राहिलेला तुकडा कापून घेतला आणि त्याची पिशवी केली. दाजी म्हणजे सलोनीचे आजोबा. त्यांचे हात थरथरतात, पण त्यांनी मारलेली माझी एकही गाठ अजून सुटलेली नाही. नारळ, भाजी, मिठाचे पुडे, सांगाल ते मी वाहिलं. खोड एकच. मी पडले जाळ्याची, त्यामुळे माझ्या पोटात काही लपत नाही. आत काय आहे ते साऱ्या गावाला दिसतं.

सलोनी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरात कॉलेजचा शोध सुरू झाला. घरातलं कुणी आजवर कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे चांगलं कॉलेज ओळखायचं कसं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच सगळे सल्ले देत होते. दाजींची कसोटी मात्र त्यांची स्वतःची होती.

“आधी फाटकार पाणी मागूचा,” ते म्हणाले. “पाणी कसा दितत ता बघला, की आतली माणसा कशी ती कळतली.”

सलोनी खूप हसली. पण कॉलेज बघायला ती दाजींबरोबरच निघाली आणि दाजींच्या खांद्याला मी. गोव्यातल्या एका कॉलेजात फाटकावरच्या माणसानं मोबाइलमधून मान वर न करता लांबचा नळ दाखवला. दाजी तिथूनच मागे फिरले. मग आम्ही फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथला म्हातारा पहारेकरी खुर्चीवरून उठला, त्यानं तांब्या विसळून पाणी दिलं आणि वर गुळाचा खडा ठेवला. दाजी घटाघटा पाणी प्यायले.

“थय पाणी बरा दिल्यानी. थयच घालूया चेडवाक,” असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि कॉलेज ठरलं.

जाताना सलोनीच्या आईनं, शर्मिलानं, माझ्यात सुके बांगडे भरून दिले. शर्मिला बाजारात मासे विकते. लेक परमुलखात उपाशी राहील, ही तिची भीती. बांगडे कागदात बांधले होते खरे, पण वासाला कागद कुठला अडवतो!

वसतिगृहात सलोनीच्या खोलीत सारिका नावाची मुलगी होती. पोर मनानं वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं नाकाला ओढणी लावली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“ही पिशवी कुणाची गं? काय घाण वास सुटलाय!”

आता या कोल्हापूरच्या मुली मटणाचा रस्सा ओरपणाऱ्या. मटणाला काय अत्तराचा वास येतो? पण सलोनीनं तसं काही म्हटलं नाही. तिचे कान लाल झाले.

“काय माहीत,” ती म्हणाली. “आधीच्या मुली विसरून गेल्या असतील.”

संध्याकाळी तिनं बांगडे कचऱ्यात टाकले आणि मला व्हरांड्यातल्या खिळ्यावर अडकवलं. तिथून खानावळीतल्या तुळसाबाईंनी मला उचललं आणि माझ्यात कांदे भरले. मी खानावळीत भिंतीला लटकून राहिले. वारा आला की मी अंग चोरायची, माझा वास कुणाला जाऊ नये म्हणून. समुद्रात असताना मला स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

सलोनीला मी रोज बघत होते. एकदा जेवताना पाणी हवं होतं म्हणून ती बोलून गेली, “माका पाणी व्हया.” सारिका म्हणाली, “वह्या? जेवताना वह्या कशाला गं तुला?” सगळ्या हसल्या. सलोनीही हसली. पण त्या दिवसापासून ती प्रत्येक शब्द तोलून बोलू लागली, आणि पुढे पुढे बोलेनाशीच झाली.

मग एका सोमवारी शर्मिला आली. सोमवारी माशांना गिऱ्हाईक नसतं, म्हणून सोमवार. आदल्या दिवशी खानावळीच्या दारात उभं राहून सलोनी फोनवर हळू आवाजात म्हणाली होती, “आये, हय इलंस की मालवणीत बोलू नको हां.” शर्मिलानं ते मनावर घेतलं होतं.

“सलोनी, तुझी तब्येत बरी आहे ना? अभ्यास व्यवस्थित चालू आहे ना?” ती पाटावर बसल्यासारखी खानावळीतल्या बाकावर अवघडून बसली होती.

मित्रांनो, मी शर्मिलाबरोबर तहसीलदार कचेरीत गेले आहे. ही तिची तिथली भाषा. साहेबासमोर उभं राहून बोलायची. पोटच्या मुलीशी ती पहिल्यांदाच त्या भाषेत बोलत होती.

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली आणि तिथंच थांबली. दाजींची गाठ ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

“काय बघताय काकू?” शेजारी जेवत बसलेल्या सारिकानं विचारलं. “तुमच्याकडं असल्या पिशव्या असतात का? कुणीतरी आमच्या खोलीत टाकून गेलं होतं.”

शर्मिलानं सलोनीकडे पाहिलं. सलोनी ताटात बघत होती.

“असतात,” शर्मिला हसून म्हणाली. “पण ही आमची नव्हे.”

लाजेनं माझी वीण न वीण आक्रसली. मला वासाची लाज वाटत होती ती काहीच नव्हे, असं झालं. शर्मिला उठली, पुढची गाडी चुकेल म्हणाली आणि निघाली.

सलोनी घास हातात धरून तशीच बसली. मग एकदम उठली, मला ओढून घेतलं आणि सगळे कांदे जमिनीवर ओतले.

“आगं पोरी, माजं कांदं!” तुळसाबाई ओरडल्या.

शर्मिला फाटकापाशी होती. दाजींनी सांगितलं म्हणून पहारेकऱ्याकडून पाणी मागून पीत होती.

“आये, ही आमची आसा,” सलोनी रडत म्हणाली. “माझी आसा. मी खोटा बोललंय.”

“माका ठावक आसा गो. रडतंस कित्याक?” शर्मिलानं पदरानं तिचे डोळे पुसले. मग आपल्या पिशवीतून एक पुडा काढून माझ्यात ठेवला. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची चटणी. वास येऊ नये म्हणून ती कागदात, प्लॅस्टिकात आणि पुन्हा कागदात गुंडाळलेली होती, आणि तरीही शर्मिला ती न देताच परत नेत होती.

तेवढ्यात मागून सारिका आली. तिला पाहताच शर्मिला सावरून उभी राहिली.

“बरं, मी निघते हं,” ती म्हणाली.

“आये, मालवणीत बोल,” सलोनी म्हणाली.

शर्मिलानं एकदा सारिकाकडे पाहिलं. “येतंय गो,” ती म्हणाली.

आता मी खोलीतल्या खिळ्यावर असते. सारिका अजून खिडकी उघडते, पण चटणी तिनं दोनदा मागून घेतली. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी पिशवी तुमच्याही घरी असेल. फाटली तर खुशाल टाका. पण ती कुणाची असं कुणी विचारलं, तर आमची म्हणा. आणि आपल्या आईला आपल्याशी कचेरीतली भाषा बोलायला लावू नका. एकदा लावली की ती सहजी सुटत नाही.

सलोनी आता घरी फोन करते तेव्हा सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्यानं मालवणीत बोलते. शर्मिला मात्र पलीकडून अजून आधी हळूच विचारते, “जवळ कोण आसा काय गो?”