मामाची मिशी

वाजंत्री एकदम थांबली. वीरपांडी मांडवाच्या तोंडाशीच अडला. मागे फळांची, कपड्यांची, सोन्याच्या डुलांची ताटं घेतलेल्या बायका खोळंबल्या, आणि तो मान वर करून फलक बघत राहिला.

"यात मी कुठाय?"

उसिलमपट्टीत कान टोचायचे म्हणजे दारात दोन पुरुष उंचीचा फलक हवाच. त्यावर आजी-आजोबांपासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत झाडून सगळ्यांचे चेहरे, आणि मामाचा सगळ्यांत मोठा. आज कान टोचायचे होते चेल्लमच्या मुलाचे, इनियनचे. मामा म्हणजे तिचा एकुलता भाऊ वीरपांडी, आणि फलक केला होता दोघांच्या धाकट्या बहिणीने, कुयिलीने.

कुयिली मदुराईला कलाशाळेत फलक-जाहिरातींची मांडणी शिकत होती. पहिलंच वर्ष. गर्दी म्हणजे नुसता आरडाओरडा, जागा मोकळी सोडा, ती बोलते, असं सरांनी सांगितलं आणि पोरीने ते वेदवाक्य मानलं. पिवळ्या फलकावर मधोमध मांडी घालून बसलेला इनियन, खाली नाव. बाकी सगळं मोकळं. अण्णा काय, घरचाच माणूस, त्याचा चेहरा कशाला हवा, असं तिला वाटलं.

"बहिणींनीच भावाला पुसला की!" चेल्लमची सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली.

"अण्णा, ती मोकळी जागा आहे ना," कुयिली चाचरत म्हणाली, "ती बोलते."

"बोलते ना. मला म्हणते, आल्या वाटेने परत जा."

लोक हसले, आणि तेच नडलं. वीरपांडीने हातातलं ताट चेल्लमच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. चेल्लमचं तोंड उतरलं. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय कान टोचत नाहीत. तो गेला तर कार्य मोडणार, आणि सासूच्या हाती जन्मभराचं कोलीत येणार.

कुयिली घरात धावली. दाराला लावून उरलेला काळा रंग, कुंचला आणि एक खुर्ची घेऊन आली. खुर्ची तिने अण्णाच्या वाटेतच ठेवली.

"बस."

"कशाला?"

"तुला काढायचंय. आठवून काढलं तर मिशी चुकेल."

वीरपांडीचा हात आपसूक मिशीवर गेला. "चुकव तर खरं, तंगडं मोडीन," असं म्हणत तो बसला.

ती फलकाला टेकवलेल्या शिडीवर चढली. असलं काही अजून कुणी शिकवलं नव्हतं. इनियनच्या मागे तिने रुंद खांदे काढले, खाली ऐसपैस मांडी. सरांचंही काही खोटं नव्हतं म्हणा, जागा मोकळी होती म्हणूनच एवढा मामा मावला.

"माझा मामा!" म्हणत इनियन आईच्या कडेवरून सटकला आणि थेट खुर्चीवरच्या मांडीत जाऊन बसला.

"हलू नका रे दोघंही!" कुयिली वरून ओरडली.

"अगं बाई, मुहूर्त टळतोय!" सोनार आतून सुई घेऊन आला. पोर मामाच्या मांडीवर आहेच म्हटल्यावर त्याने तिथेच, भर रस्त्यात, पहिला कान टोचला. इनियनने टाहो फोडला. वाजंत्री पुन्हा घुमू लागली.

वीरपांडीने भाच्याला घट्ट धरलं होतं. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने मान काही हलवली नाही. वर फलकावर मिशीचं एक टोक अजून काढायचं राहिलं होतं.