बाद केलेल्या कमेंट

धनश्रीला नोकरी लागली तेव्हा ती नेमकी कशाची, हे तिच्या आईला कुणाला समजावून सांगता येईना. “लोकांनी मोबाईलवर काय लिवलंय ते वाचती म्हणं दिवसभर,” असं ती शेजारणीला सांगायची आणि स्वतःच हसायची. पण ते खोटं नव्हतं. बीडमध्ये नगर रोडला, मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर विजयसिंह सरांचं ऑफिस होतं. कंपन्यांसाठी लोकांच्या कमेंट गोळा करायच्या, एक्सेलमध्ये भरायच्या आणि प्रत्येकीपुढं शेरा मारायचा. आवडलं, नाही आवडलं, चौकशी. शिवीगाळ किंवा घाण असली तर ‘बाद’. बाद कमेंट हिशेबात धरायच्या नाहीत, हा सरांचा नियम.

दिवाळीआधी जनावरांच्या खाद्याची एक नवी कंपनी आली. तिला जाहिरातीसाठी गावाकडचा खरा चेहरा हवा होता. बैलांचे, म्हशींचे व्हिडिओ टाकणारी माणसं शोधा, असं सरांनी सांगितलं, आणि धनश्रीनं मोठ्या हौसेनं आपल्या वनमालामावशीचं नाव पुढं केलं.

वनमाला तिच्या आईची धाकटी बहीण. आष्टी तालुक्यातलं गाव, नवरा अंगद, आणि हंगाम लागला की दोघं बैलगाडी घेऊन कडा गावच्या कारखान्याकडं ऊसतोडीला. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तोंड असं की बांधावरची माणसं काम सोडून ऐकत. बैलांपुढं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं टाकता टाकता ती त्यांच्याशी भांडायची. “आरं सरदार, त्याच्या वाट्यात कावून तोंड घालतूस? आन् हौश्या, तू काय बघत बसलास? तुला त्वांड न्हाई का?” अंगदनं गंमत म्हणून ते मोबाईलवर घेतलं, आणि बघता बघता लाखो लोकांनी पाहिलं.

धनश्री कमेंट गोळा करायला बसली. पहिल्या वाचताना तिला भरून आलं. ‘ताई, माझी आई अशीच बोलायची.’ ‘बैलांना नजर लागेल, काळा दोरा बांधा.’ ‘खायला काय घालता?’ मग खाली खाली दुसरं सुरू झालं. वाकलेल्या मावशीच्या पदराबद्दल. कोयत्यावर जाणाऱ्या ऊसतोडीच्या बायका रात्री काय करतात त्याबद्दल. तळ कुठला, नंबर द्या, नवरा कधी नसतो. एकाच्या फोटोत त्याची लहानगी लेक मांडीवर बसलेली होती, आणि त्यानंच सगळ्यात घाण लिहिलं होतं.

सुरुवातीला तिचा हात थांबला. दुपारपर्यंत थांबेनासा झाला. बाद, बाद, बाद, पुढची.

“सर, बाद लई निघाल्यात,” ती म्हणाली.

“बाईचा व्हिडिओ म्हटल्यावर निघणारच,” सर मान वर न करता म्हणाले. “कंपनीला गिऱ्हाईक पाहिजे. बाकीचं काय करायचंय?”

अहवालात जवळपास सगळ्यांनाच मावशी आवडलेली होती. कंपनी खूश झाली.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. “धने, काय म्हणत्यात गं लोकं? वाचून दाव की.”

धनश्रीनं चांगल्या निवडून वाचल्या. पलीकडं मावशी लहान पोरीसारखी हसत होती. “आजून वाच,” म्हणाली. “अवो, ऐकताव का? नगरचा माणूस मला आई म्हनतोय.” धनश्री वाचत राहिली. हसणाऱ्या माणसाला मधेच थांबवून ते सगळं कसं सांगायचं, हे तिला सुचलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं.

मावशीचा फोटो खाद्याच्या पोत्यांवर आला, आष्टीच्या चौकात मोठ्या बोर्डावर आला. खाली तिचं नाव, गावाचं नाव. कंपनीच्या पानावर मावशीची ऊसतोडीची टोळी कुठल्या तळावर उतरली आहे तेही कुणीतरी कौतुकानं लिहून टाकलं.

आधी एक-दोन पोरं मोटारसायकलवर सेल्फी काढायला आली. मावशीनं त्यांना चहा पाजला. मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. उसाच्या फडाच्या कडेला पोरं उभी राहायची, टोळीच्या राहायच्या कोप्यांभोवती घिरट्या घालायची. बायकांना आंघोळीची चोरी झाली.

आणि एक दिवस ऑफिसात कमेंट भरता भरता धनश्रीच्या पुढं एक लिंक आली. तिनं उघडली. कोपीमागं साडीचा आडोसा होता. वारा आला होता, आणि कुणीतरी लांबून चित्रण केलं होतं. मावशीला कळलेलंच नव्हतं. ती अंगावर पाणी घेता घेता बैलांनाच काहीतरी सांगत होती.

धनश्रीनं सरांपुढं मोबाईल नुसता धरला. सरांनी पाहिलं, तोंड फिरवलं. कंपनीला फोन केला. संध्याकाळपर्यंत निरोप आला, बाई बदला.

“पोलिसात तक्रार कर,” सर म्हणाले. “फक्त ऑफिसचं नाव नको.”

सकाळच्या एसटीनं ती कड्याला उतरली, पण व्हिडिओ तिच्या आधीच तिथं पोहोचला होता. तळावर पोहोचली तेव्हा अंगद गाडीत भांडी भरत होता. त्याचं तिच्याकडं लक्ष गेलं, आणि तो पुन्हा भांडी रचू लागला. टोळीचा मुकादम राधाकिशन बाजूला उभा होता. “म्या तरी काय करू, पोरी?” तो म्हणाला. “बाकीच्या बाया कामावर याना झाल्यात. ह्येंच्यापायी समदी टोळी मोडंल.”

मावशी कोपीत पाचटावर बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“मावशी, चल. आष्टीला जाऊ, पोलिसात.”

“कशाला? त्येस्नी बी दावायला?”

धनश्री तिच्याजवळ बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशीनं पदराआडूनच विचारलं, “धने, तू तर लोकांचं समदं वाचती. असलं कुनी आधी लिवलं नव्हतं का?”

खोटं बोलता आलं असतं. “लिवलं होतं,” धनश्री म्हणाली.

“लई?”

“लई.”

“मग मला कावून सांगितलं न्हाई?”

तो नियम होता, असं धनश्री पुटपुटली, आणि ते शब्द तिलाच ऐकवले नाहीत. मावशीनं धनश्रीचा हात आपल्या गुडघ्यावरून हळूच उचलला आणि बाजूला ठेवला. मग उठून अंगदला भांडी देऊ लागली. कर्नाटकातल्या एका कारखान्याला माणसं कमी आहेत म्हणे, तिकडं निघाले होते.

धनश्री एकटीच आष्टीच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदारानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून लावला. “बाई कुठंय?” त्यानं विचारलं. “तिला घेऊन या. तिच्या सहीशिवाय काय लिहून घ्यायचं आम्ही?”

तिनं मावशीला फोन लावला, अंगदकाकांना लावला. दोन्ही बंद होते. उरलेला दिवस ती स्टँडच्या बाकावर बसून राहिली, दोन गाड्या जाऊ दिल्या, आणि तिसरीत चढली.

सोमवारी ती ऑफिसला गेली. दुसरं काम मिळेपर्यंत जाणं भागच होतं. कंपनीनं नवी मुलगी घेतली होती, पुण्याची, तशीच साडी नेसलेली, हातात तसाच कोयता. सरांनी फाईल पाठवली. धनश्रीनं पहिली कमेंट वाचली, ‘नंबर द्या’, आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीच न लिहिता तशीच बसून राहिली, सर येऊन “झालं का?” म्हणेपर्यंत.