मूठभर कोंड्याचा सौदा

मी सूप आहे. बांबूच्या कामट्यांचं, एका कानाला तुटलेलं, वऱ्हाडातल्या जऊळक्यात मेहरुन्निसाबीच्या ओट्यावर आडवं ठेवलेलं. हसू नका. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं तुमच्यातच म्हणतात ना? मग हसण्याचा पहिला हक्क माझा.

शिक्षणाचं म्हणाल तर थोडंफार झालंय. बुरडानं मला विणलं आणि पंचफुलानं घरी आणून मेथ्या-कागदाच्या लगद्यानं लिंपलं. कागद कुठला, तर शाळेतल्या फाटक्या अंकलिपीचा. काही तुकडे नीट भिजले नाहीत, ते तसेच अंगाला चिकटले. त्यामुळे 'क'पासून 'ठ'पर्यंत मी पक्का आहे. पुढचं शेणाखाली गेलं. याहून कमी अक्षरांवर लोकांनी पाटीलकी केलेली मी पाहिली आहे, तेव्हा माझं काही अडलं नाही.

सुपाचं आयुष्य तीन-चार दिवाळ्यांचं. मग अमावास्येच्या पहाटे बाया जुनं सूप काठीनं बडवत घरातली इडापिडा हाकलतात, आणि तिच्यामागे सुपालाही हाकलतात. मी मात्र चाळीस वर्षं टिकलो. का, तर माझ्यात एकदा माणूस विकला गेला. तोही दोनदा.

पहिला सौदा झाला तेव्हा जऊळक्यात रेल्वे आली नव्हती. पंचफुलाची तीन लेकरं पाचवीच्या आत गेली होती. पाचव्या दिवशी सटवाई येते, लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते, आणि लेकरू फारच आवडलं तर लिहायचं सोडून घेऊनच जाते, असं बाया म्हणत. मग चौथा झाला तेव्हा म्हाताऱ्या बायांनी ठरवलं, की हे लेकरू कुणालाच नको आहे असं सटवाईला दाखवायचं.

चौथ्या दिवशी सकाळी पंचफुलानं त्याला माझ्यात घातलं आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. पाच शेरांचं ते गाठोडं, पण ओरडायला गावच्या दवंडीसारखं. शेजारची मेहरुन्निसा, रऊफ पिंजाऱ्याची बायको, जणू सहज आल्यासारखी तिथून निघाली. सहज कसली? बाई घटकाभर लिंबामागे उभी होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"कोनाचं लेकरू हाय हे?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"मले काय ठाव," पंचफुला दारातून म्हणाली. "टाकेल दिसते कोनं."

मेहरुन्निसानं पदरातून मूठभर कोंडा काढला, पंचफुलाच्या ओंजळीत घातला आणि लेकरू विकत घेतलं. लगेच तेच लेकरू पंचफुलाच्या मांडीवर ठेवून म्हणाली, माझं आहे, पण मला दूध नाही, तू पाज. झालं. आई होती ती दूधआई झाली. उकिरड्यावरचं म्हणून लेकराचं नाव उकंडा पडलं. पाचवी आली आणि गेली, आणि उकंडा राहिला.

इथपर्यंत साऱ्या वऱ्हाडात चालतं तसंच चाललं होतं. खरी गंमत पुढे. त्याच दुपारी कोतवाल जन्माची खबर घ्यायला दारात आला. त्यानं लेकरू कुणाचं विचारलं. पंचफुलाला वाटलं, सटवाई अजून ओट्यावरच बसलेली असेल. ती बिचकली आणि म्हणाली, "मेहरुन्निसाबीचं." कोतवालानं जाऊन पाटलाला सांगितलं. पाटील झोपेतून उठला होता. त्यानं बुकात लिहिलं, रऊफ पिंजारी यास मुलगा.

सटवाई फसली. तिच्याबरोबर सरकारही फसलं, पण ते कळायला तीस वर्षं गेली. सरकारचं तसंच असतं. त्याला उशिरा कळतं, पण कळलं की ते दारात येऊन उभं राहतं.

या तीस वर्षांत पंचफुला एकदाही उकंड्याला "माहा", म्हणजे माझा, म्हणाली नाही. खोटं वाटेल, पण मी तिच्या भिंतीवरच्या खुंटीवरून रोज ऐकत होतो. खोडी केली की, "जाय तुह्या बीमायजवळ." आजारी पडला की, "बी, तुहा पोरगा तापला, पाह्यजो." तीन लेकरांना ती "माहा सोन्या" म्हणाली होती आणि तिन्ही गेली होती. चौथ्या वेळी तिनं तोंडाला कुलूपच लावलं. उकंड्याचा बाप इंद्रभान मात्र साऱ्या गावात माझा पोरगा, माझा पोरगा करत फिरायचा. पण सटवाई बाप्यांचं ऐकत नाही म्हणे. शहाणी आहे.

पुढे रेल्वे आली. उकंडा स्टेशनावर गँगमध्ये लागला. तिथला एक गोरा साहेब आफ्रिकेच्या रेल्वेत बदलून गेला, त्यानं कामाची चार माणसं सोबत नेली, त्यात हा. उकिरड्यावरून निघालेला पोरगा मोंबासाला पोचला. मधे एकदा येऊन लग्न करून बायकोला घेऊन गेला. तिकडे त्याला मुलगी झाली. फोटो आला. डोक्यावर हॅट, ओठावर मिशी, मांडीवर लेक. पंचफुला त्या फोटोतल्या नातीच्या गालावर इतकं बोट फिरवायची, की तिथला रंग गेला.

मग एके वर्षी पत्र आलं, की तुम्ही दोघं इकडे या. तिकडच्या सरकारचा कायदा असा, की बाहेरून येणाऱ्याचा पोशिंदा कोण ते आधी लिहून द्यायचं. उकंड्यानं हमीपत्र दिलं होतं. इंद्रभान आणि पंचफुला माझे मायबाप, यांच्या अन्नवस्त्राचा जिम्मा माझा, यांचा भार सरकारवर पडू देणार नाही.

इंद्रभानचं काय विचारता. कागदाला पाय फुटायच्या आत त्यानं वाशीमहून कोट शिवून आणला आणि भर उन्हात घालून फिरायला लागला. लोक त्याला आफ्रिकावाले म्हणू लागले, आणि त्याला ती थट्टा आहे हे कळत नव्हतं. तो लोकांना सिंहांविषयी सांगायचा. सिंह त्यानं फक्त चिलमीच्या डबीवर पाहिला होता.

आणि ती हमी खरी की खोटी, याच्या चौकशीला वाशीमहून दौलतराव नायब तहसीलदार आले. बाजेवर बसले, पाणी प्यायले, दोन कागद काढले. एकावर पोरानं बाप म्हणून इंद्रभानचं नाव लिहिलेलं. दुसरी गावच्या बुकाची नक्कल, तिच्यावर रऊफ पिंजारी. रऊफला जाऊन पाच वर्षं झाली होती, त्याला विचारायची सोय नव्हती. इंद्रभान कोट सावरत सांगू लागला, की बुक चुकलं. दौलतराव म्हणाले, बुक चुकत नाही, आणि बापाला विचारून उपयोग नाही, आईला बोलवा.

पंचफुला उंबऱ्यात येऊन उभी राहिली. अंगण माणसांनी भरलं होतं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"बाई, उकंडा तुमचा मुलगा आहे का?"

इंद्रभान मिशीआडून खाकरला. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "बीचा हाय."

इंद्रभाननं कपाळावर हात मारला. दौलतरावांनी विचारलं, मग तुम्ही त्याच्या कोण? ती म्हणाली, मी दूध पाजलं. दौलतराव वाईट माणूस नव्हते, त्यांनी समजावून सांगितलं. तुम्ही त्याची आई नाही असं मी लिहिलं, तर तुमचं जाणं तर राहिलंच, वर पोरानं तिकडे सही करून खोटी हमी दिली असं ठरेल. त्याची नोकरीही जाईल, कोण जाणे. मी तंबाखू खाईपर्यंत विचार करा.

पंचफुला आत आली आणि माझ्याखाली भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे, तीस वर्षं मी तिच्याच डोक्यावर टांगलेला होतो. नाही म्हणावं तर पोराच्या भाकरीवर गदा. माहा म्हणावं तर सटवाईनं ऐकलं. समुद्र आडवा आहे खरा, पण सटवाईला तिकीट थोडंच लागतं?

तेवढ्यात मेहरुन्निसा मागच्या दारानं आली. आता तीही म्हातारी झाली होती. तिला सगळं कळलेलंच होतं, भिंत एकच ना.

"पंचफुले, कागद त माह्या नावाचा हाय," ती म्हणाली. "मंग मीच जातो आफ्रिकेले. तू राह्य इथी बकऱ्या सांभाळत."

पंचफुलाला रडता रडता हसू फुटलं. बाहेर इंद्रभानला ते ऐकू गेलं, आणि त्याचा चेहरा कोटापेक्षा ढिला झाला. एकटाच जावं लागतं की काय, की बीबरोबर, अशा विचारात तो पडला असावा.

मेहरुन्निसा मग हळू बोलली. "मी चोरला नवता त्याले. इकत घेतला होता. इकत घेतलेलं इकता येते. तू माह्याजवळून घे. मंग तो तुहा. सटवाईले काय, तिले सौदा समजते."

पंचफुलानं मला खुंटीवरून काढलं. तीस वर्षांनी माझी पाठ भिंतीवेगळी झाली. खाली जाळं होतं, त्यातली पाल पळाली.

आता सौदा जिथं झाला तिथंच मोडला पाहिजे. म्हणजे उकिरड्यावर. मेहरुन्निसानं बाहेर जाऊन साहेबांना सांगितलं, की लिहायच्या आधी या. दौलतराव म्हणाले, कायद्यात असं काही नाही. ती म्हणाली, "कायदा तुमचा हाय साहेब, पोरगं आमचं हाय." दौलतरावांनी बूट पाहिले, उकिरडा पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि आले. साक्षीदार म्हणून इतका नटलेला माणूस त्या उकिरड्यानं पुन्हा पाहिला नाही.

लेकरू तर मोंबासाला. मग काय, पंचफुलानं फोटो आणून माझ्यात ठेवला. मिशीवाला, हॅटवाला उकंडा पुन्हा माझ्यात आडवा झाला. या खेपेला ओरडला नाही.

पंचफुलानं मूठभर कोंडा माझ्यात टाकला. मेहरुन्निसा म्हणाली, एका मुठीत घेतला तेव्हा पाच शेरांचा होता, आता वाढला की नाही? लोक हसले. पंचफुलानं दुसरी मूठ टाकायला हात पुढे केला, तर मेहरुन्निसानं मनगट धरलं. फोटो उचलून तिच्या हातात दिला. मग माझ्यातला अर्धा कोंडा पदरात घेतला आणि अर्धा तसाच ठेवला.

"हा राहू दे सुपात," ती म्हणाली. "एवढा माहाच. सटवाई पाह्यले आली, त तिले समजू नये कोनाचा हाय."

पंचफुला फोटो छातीशी धरून दौलतरावांपुढे आली.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "माहा पोरगा हाय. उकंडा. माहा."

तीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाखडणारी जात आहे, फोल कुठलं आणि दाणा कुठला ते मला कळतं. तो दाणा होता.

दौलतरावांनी उकिरड्यावर उभ्या उभ्याच लिहिलं, की मुलगा इंद्रभान व पंचफुला यांचा, रऊफ याचे नाव रूढीमुळे लागले. मग सगळ्यांसमोर बूट पुसले.

चार महिन्यांनी दोघं जऊळक्याच्या स्टेशनावरून गेली. इंद्रभान कोटात, भर चैत्रात. पंचफुलाला मला न्यायचं होतं, पण ट्रंकेत मी मावेना. जाता जाता तिनं मला मेहरुन्निसाकडे दिलं. झटकू नको म्हणाली, तेवढंच.

पहिल्या वर्षी उकंड्याला ताप आला, फार मोठा. पंचफुलानं सुनेकडून पत्र लिहवलं. त्यात तब्येतीचं सगळं होतं, आणि शेवटी एक ओळ, की बी, सुपातला कोंडा आहे ना? पोस्टमननं पत्र वाचून दाखवलं तसं मेहरुन्निसानं माझ्यात न पाहताच सांगितलं, लिहा, आहे. उकंडा बरा झाला. आता लढाईमुळे पत्रं सहा-सहा महिन्यांनी येतात, पण ती ओळ प्रत्येकात असते.

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नका. तो कोंडा ती दोघं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेहरुन्निसाच्या कोंबडीनं खाल्ला. मला आणि मेहरुन्निसाला तेवढं ठाऊक. त्या दिवशी तिनं कोंबडीला शिव्या घातल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि चाळणीतला कोंडा चिमूटभर माझ्यात टाकला. तेव्हापासून पीठ चाळलं की टाकते. उंदीर नेतात, मुंग्या नेतात, ती पुन्हा टाकते. म्हणून ती "आहे" म्हणते ते कधीच खोटं नसतं.

तिला आता दिसत कमी आहे. परवा चिमूट माझ्याबाहेरच पडली. तेव्हा तुमच्यापैकी कुणी जऊळक्याला उतरलं, तर स्टेशनापासून तिसरी गल्ली, पिंजाऱ्यांचं घर. तुटकं सूप दिसेल. चुलीत घालू नका, बडवू नका. सूप असून सांगतो, मला झटकू नका. आत काही दिसलं नाही तर चिमूटभर कोंडा टाका आणि आपल्या वाटेनं जा. कुठल्याही जात्यातला चालतो.