दादारावांची पाच मिनिटं

कीर्तनात बुवा थांबतात ना, ती जागा मला फार आवडते. आख्यान रंगात आलेलं असतं आणि बुवा एकदम गप्प होतात. उपरणं सावरतात, पेटीवाल्याकडे बघतात. शे-दोनशे माणसं तेवढा वेळ हलत नाहीत. चांगला सांगणारा कुठं थांबायचं ते जाणतो, हे मी मिरजेच्या राममंदिरात आईच्या मांडीवर बसून शिकले. शिकले नसते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नायमेखन या डच शहरातल्या विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाचे जाहीर कार्यक्रम मी बघते. पोस्टर, खुर्च्या, कॉफी, आणि एकूणच आमचं बोलणं शहरातल्या साध्या माणसांपर्यंत पोचावं म्हणून करायची ती सगळी धावपळ. महामारीच्या आधी आमची व्याख्यानं गुरुवारी संध्याकाळी शहराच्या वाचनालयात होत. 'प्रवेश सर्वांना खुला' असं पोस्टरवर मीच छापून घ्यायचे. २०१९च्या नोव्हेंबरातल्या एका व्याख्यानाला एक गृहस्थ मागं दाराशी, अंगातलं जाकीट न काढता, उभे होते. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. चेहरा आपल्याकडचा वाटला म्हणून मी मराठीतच म्हटलं, "बसा ना."

ते दचकले. मग बसले, अगदी कडेच्या खुर्चीवर.

तेच दादाराव. वाशीमकडचे, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात मशीनची देखभाल करणारे, पन्नाशी ओलांडलेले. "नावातच दादा आहे आणि रावही आहे," ते म्हणायचे, "पुढं आणखी काही लावू नका, वजन होतं." वडील गेले म्हणून बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून त्यांनी डिप्लोमा केला होता. सुटलेला विषय राज्यशास्त्र. ते मनातून गेलं नव्हतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आमची व्याख्यानं पडद्यावर गेली. दादाराव दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी हजर. "आम्ही कारखान्यात पहिल्यापासूनच तोंड बांधून काम करतो," ते मला म्हणाले, "आता बाकीचे आमच्यात आले."

त्या डिसेंबरात विभागानं एक नवा सायंवर्ग जाहीर केला. पुढच्या सप्टेंबरपासून वर्षभर, आठवड्यातून एक संध्याकाळ. पदवीची अट नाही. जागा वीस. परीक्षेऐवजी अर्जदारानं फेब्रुवारीतल्या जाहीर कार्यक्रमात, ऑनलाइनच, पाच मिनिटं डचमध्ये बोलायचं. विषय एकच: लोकशाही मला कुठं भेटली. ज्यांना सरावाला मदत हवी असेल त्यांनी माझ्याशी बोलावं, असंही त्यात लिहिलं होतं. पहिला फोन दादारावांचाच.

"ताई, माझं डच मशीनपुरतं आहे. हे चालू करा, ते बंद करा. लोकांपुढं माझी दातखीळ बसते."

"मग बुवांसारखं करा. एक लहानसं ध्रुपद ठेवा, फिरून फिरून त्याच्याशी यायचं. आणि बुवा विसरले, दमले, तर मागं एक जण असतो. तो ध्रुपद उचलून धरतो."

"आमच्या जलशात त्याला झीलकरी म्हणतात." ते हसले. "तुमच्या-आमच्यात एवढं तरी सारखं निघालं म्हणायचं."

मीही हसले, जरा उशिरानं.

"तुम्ही माझी झील धराल?" त्यांनी विचारलं.

"धरीन की. कार्यक्रम मीच चालवणार आहे. माईक माझ्याच हातात असतो."

मग त्यांनी सांगितलं काय बोलायचंय ते. त्यांचे आजोबा गावातल्या देवळाबाहेर, चपला काढतात तिथं उभं राहून कीर्तन ऐकायचे. खांद्यावर दादारावांचे वडील, तेव्हा चार वर्षांचे. आजोबांना सगळी आख्यानं पाठ होती, सगळी उभ्यानं शिकलेली. "दार बंद नव्हतं हो," दादाराव म्हणाले. "दार उघडं होतं. आत या, असं कुणी म्हणालं नाही."

"हेच तुमचं ध्रुपद," मी म्हटलं. त्या दुपारी मिरजेचं राममंदिर माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि बाहेर कोण उभं असायचं ते मला आठवेना. मी कधी वळून पाहिलंच नव्हतं.

जानेवारीभर दर शनिवारी सकाळी अकराला आमचा फोनवर सराव. सुरुवातीला ते पाच मिनिटांचं तीन मिनिटांत संपवायचे. मी ओरडायचे, "अहो, थांबा. आजोबा दाराशी उभे आहेत, ते आम्हाला दिसू तरी द्या."

"थांबलो की वाटतं, लोक उठून जातील."

"नाही जात. थांबलात की जवळ येतात."

त्यांना ते काही जमत नव्हतं. सहा फेब्रुवारीलाही नाहीच. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं, इतकं की आमच्या गल्लीतल्या सायकली नुसत्या उंचवट्यांवरून ओळखायच्या. बुधवारी दुपारी त्यांचा अचानक फोन आला, आणि मला पहिल्यांदा ते थांबणं ऐकू आलं. आजोबा देवळाशी आले. थांबले. खांद्यावरचं पोर सावरलं. थांबले.

"कुठून बोलताय?" मी विचारलं. "धाप लागल्यासारखी वाटते."

"बर्फातनं सायकल ढकलत आलोय, ताई."

मी विश्वास ठेवला. ठेवायला फार आवडलं मला.

शनिवारी फोन आला नाही, ध्वनिमुद्रण आलं. सोबत लिहिलं होतं: आज घरात गडबड आहे, असंच ऐका. स्वयंपाकघरात गॅस बंद करून मी ते डोळे मिटून ऐकलं. ओळ, मग थांबणं. ध्रुपदाच्या वेळी माझ्या झिलीसाठी मोकळी सोडलेली जागा. मग पुन्हा ओळ, आणि ओळीच्या मधेच थांबणं, जिथं मी कधी सुचवलंही नसतं. आजोबा झाले, सोडलेलं कॉलेज झालं, वाचनालयाचं दार आलं आणि मुद्रण तिथंच संपलं. माझे डोळे भरून आले. मी लिहिलं, "दादाराव, तुमचं थांबणं थेट बुवांच्या वळणावर गेलं. आता एकही जागा बदलू नका."

त्यांनी जोडलेले हात पाठवले. तासाभरानं एक ओळ आली: "शेवट गुरुवारीच ऐकवीन. झील सोडू नका."

मंगळवारी यामिनीवहिनींचा फोन आला. दादारावांच्या बायकोशी मी त्याआधी दोनदाच बोलले होते.

"रविवारी दुपारी त्यांना अँब्युलन्सनं नेलं, ताई. करोना. आठवडा झाला, माळ्यावरच्या खोलीत वेगळे राहत होते."

"आठवडा?" मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगू देईनात. ताई विभागातल्या आहेत, आजारी आहे कळलं की नाव काढतील, म्हणाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, धाप लागली की लगेच कळवा. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. शनिवारी म्हटलं, अहो, तुम्हाला वाक्य पुरं होईना, मी फोन करते. तर मला तुमचा मेसेज दाखवला. म्हणाले, बघ. ही धाप नाही. ताईंनी शिकवलेलं थांबणं आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

बुधवारी सकाळी दादाराव गेले.

मी देवापुढं बसले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडून त्याचं नाव निघेना. मला दोन्ही ऐकायला दिली होतीस ना रे, एवढंच मनात येत राहिलं. शिकलेलं थांबणं आणि जीव घाबरा होऊन थांबणं. चाळीस वर्षं कान तयार केलास तो कशासाठी?

आमच्या विभागप्रमुख मारायकेबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, यादीतून नाव काढायचं का, प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला कळवावं लागेल. मी म्हटलं, शुक्रवारी कळवते. गुरुवारपर्यंत नाव राहू दे. त्या बरं म्हणाल्या. मुद्रण लावायचं हे यामिनीवहिनींनी सांगितलं होतं. "त्यांची पाच मिनिटं आहेत ती," त्या म्हणाल्या.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पडद्यावर दीडशे चौकटी होत्या. एकीत यामिनीवहिनी आणि त्यांची मुलगी तेजल. तेजल एकोणीस वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये देते. झील उभ्यानं धरतात, म्हणून मी लॅपटॉप फडताळावर ठेवून उभी राहिले. सातवं नाव दादारावांचं. ते काल गेले, एवढं मी दोन वाक्यांत सांगितलं आणि मुद्रण लावलं.

आजोबा आले. थांबले. आणि शेजारच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं, किती सुंदर थांबतो हा माणूस.

ते मी वाचलं. मग मी माईक उघडला. ध्रुपदाची जागा आली तिथं मी ध्रुपद म्हटलं. दार उघडं होतं, आत या, असं कुणी म्हणालं नाही. पुढं ओळीच्या मधेच ते थांबले, तिथंही म्हटलं. त्या मुद्रणात माझ्यासाठी ठेवलेल्या जागा कोणत्या आणि त्यांचा श्वास अडलेल्या जागा कोणत्या, हे मला आता नेमकं कळत होतं. मी एकही मोकळी सोडली नाही. ते थांबले की मी उचलत होते, म्हणजे त्यांना तेवढा वेळ दम खाता येईल, असं काहीतरी माझ्या वेड्या मनाला वाटत होतं. त्यांच्या थांबण्याचं कौतुक कुणी पुन्हा लिहिलं नाही.

वाचनालयाचं दार आलं आणि मुद्रण संपलं. मी शेवटचं ध्रुपद म्हटलं. आता यापुढं काहीच नव्हतं.

तेवढ्यात तेजलनं आपला माईक उघडला. तिच्या हातात रेघांच्या वहीतला एक कागद होता. "शेवट बाबांच्या उशाशी होता," ती डचमध्ये म्हणाली आणि वाचू लागली. वाचनालयाचं दार उघडं होतं. मी आजोबांसारखाच दाराशी उभा होतो. तिथं कुणीतरी मला दोन शब्द म्हणालं. लोकशाही मला तिथं भेटली. ते शब्द डचमध्ये आणता येत नाहीत, म्हणून तसेच सांगतो.

ती थांबली. मी जागा भरली नाही. ती जागा तिची होती.

"बसा ना," तेजल मराठीत म्हणाली.

तेव्हा कुठं मी खाली बसले.